बाराच्या बाया

दिवाळी अंकासाठी डॉक्टरकीचे अनुभव लिहा, असा संपादकांचा फोन आला, तेव्हा मी त्यांना आधीच विचारलं, "माझा विषय ठाऊक आहे ना?"

"सर्जन आहात ना आपण?"

"हो, पण मूळव्याधीची."

पलीकडून म्हणाले, "नाही, म्हणजे... लोक फराळ करताना वाचतात हो."

"वाचू देत की! चकली, चिवडा, वर पाणी नाही आणि दिवसभर बैठक. फराळ संपला की ते माझ्याकडेच यायचे." बिचारे हो म्हणाले. आता छापतात की नाही ते बघू.

पण मला जे लिहायचंय ते हसण्यावारी नेण्यासारखं नाही. आत्ता भर दुपारी लिहायला बसलेय आणि पंखा बंद करून बसलेय. अंगावर काटा येतो तो वाऱ्याने की आठवणीने, हे मला नक्की कळायला हवं.

दवाखाना मी उमरोळीला काढला, तेव्हा सगळ्यांनी मला वेड्यात काढलं. पालघर सोडून, बोईसर सोडून, मध्येच कुठे? पण या दुखण्याचा स्वभावच तसा आहे. पालघरचा माणूस मूळव्याध दाखवायला बोईसरला जातो आणि बोईसरचा पालघरला. आपल्या गावात ओळखीचं कुणी भेटलं तर काय सांगायचं? मी मध्ये बसले आणि दोन्हीकडची माणसं मला मिळाली. आमची केळव्याकडची पानवेलीची वाडी. वडिलांची इच्छा मी बाळंतपणं करावीत अशी. "लोक पेढे घेऊन आले असते गं," असं ते शेवटपर्यंत म्हणत राहिले. मला पेढे कुणी दिले नाहीत. बरा झालेला पेशंट मला बाजारात ओळखसुद्धा दाखवत नाही.

शिकले चाकू चालवायला आणि आयुष्य गेलं न चालवण्यात. कारण मूळव्याध म्हटलं की लोकांना दोनच गोष्टी माहीत. एक म्हणजे ऑपरेशन आणि दुसरी म्हणजे बोईसरच्या भिंतींवर रंगवलेला 'शर्तिया इलाज'. त्या इलाजवाल्यांनी कसलंकसलं औषध टोचून जाळून ठेवलेली माणसं मी पाहिलीत, ते इथे लिहीत नाही. फराळाचं आहे.

खरी गोष्ट साधी आहे. शौचाच्या जागी आत रक्तवाहिन्यांच्या मऊ गाद्या असतात. सगळ्यांना असतात, राजाला असतात आणि रंकालाही. रोज कुंथलं, कळ दाबून ठेवली, पाणी कमी प्यायलं, की त्या गाद्या फुगतात, खाली सरकतात. त्यालाच आपण कोंब म्हणतो. त्यातून लालभडक रक्त पडतं आणि गंमत म्हणजे बहुतेक वेळा दुखत नाही. दुखत नाही म्हणून माणूस दाखवत नाही. सुरुवातीच्या पायरीवर इसबगोल, पालेभाजी, भरपूर पाणी, कोमट पाण्यात बसणं आणि संडासात मोबाईल घेऊन न बसणं, एवढ्यावर भागतं. त्यापुढे गेलं तर मी नळीतून बघून कोंबाच्या मुळाशी बारीक रबराचं कडं बसवते. कोंबाचं रक्त तुटतं, तो सुकतो आणि आठवडाभरात आपोआप गळून पडतो. भूल नाही, टाका नाही. चाकूची पाळी फार थोड्यांवर येते. फक्त एक गोष्ट मी सगळ्यांना बजावते: रक्त दिसलं की स्वतःच 'मूळव्याध' म्हणून मोकळं होऊ नका. कधीकधी ते दुसऱ्याच, वाईट रोगाचं असतं. एकदा कुणाला तरी दाखवा.

पण दाखवणार कसं? एकदा एमआयडीसीतले एक मोठे ठेकेदार हेल्मेट घालून आत आले. मी म्हटलं, "काढा आता." तर म्हणतात, "मॅडम, देखना तो उधर है, मुंह का क्या काम?" हेल्मेट घालूनच डाव्या कुशीवर झोपले आणि हेल्मेट घालूनच घरी गेले. पुढे सगळं नीट झालं, पण तो गृहस्थ दिसायला कसा आहे, हे मला आजतागायत माहीत नाही.

ही पुरुषांची तऱ्हा. बायकांची आणखी वेगळी.

दवाखान्यासमोर एक जंगली बदाम आहे. बायका येऊन त्याच्याखाली उभ्या राहायच्या. आत यायच्या नाहीत, दार वाजवायच्या नाहीत. सकाळचे पेशंट संपले, रस्ता ओस पडला, भर बारा वाजले, की मग एकेक आत यायची. बाराची वेळ आमच्या भागात चांगली नव्हे. त्या वेळी शहाणी माणसं झाडाखाली थांबत नाहीत. कुणी बाहेर नसतं म्हणूनच या बाया नेमक्या तेव्हा येत. माझ्या मदतनीस शेवंताबाई बेटेगावच्या. त्यांनी यांना नावच पाडलं होतं, 'बाराच्या बाया'. खिडकीतून बघून त्या मला सांगायच्या, "बाय, एक उभी हाय." आणि हळूच पुढे, "पाय बघितले मी. सरळ हायत."

"शेवंताबाई, दवाखाना आहे हा!"

"म्हणून तर बगते. दवाखान्यात काय कमी मरतात?"

माझ्याकडे कुणी मरत नाही हो, मी म्हणायचे. मला त्याचा अभिमान होता.

अशाच एका दुपारी ती आली. अंगाने काटक, हिरवं लुगडं, अंगाला सुक्या मासळीचा वास. उजव्या मनगटावर जुन्या जखमेचा वेडावाकडा व्रण होता. "पाकटाचा काटा लागला व्हता," ती म्हणाली. पाकट म्हणजे शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा. जाळं सोडवताना कोळणींच्या हाताला लागतो. मी तिची पापणी खाली ओढून पाहिली आणि चरकले. आत लाल काही नव्हतंच. भिंतीसारखं पांढरं.

"किती दिवस रक्त पडतंय?"

"पडतेच. बायकांना पडतेच ना."

"घरी सांगितलंस?"

"सांगितला. आई बोलली, बायकांना पडतेच."

तिला खाटेवर घेतलं. नळी बघून ती ताठ झाली. भ्यायलेल्या बाईसाठी माझी एक युक्ती आहे. वाडीतली असली तर तिला झाडांची नावं घ्यायला सांगते, कारखान्यातली असली तर मशिनींची. मन तिकडे गेलं की अंग सैल पडतं. हिला म्हटलं, "डोळे मीट आणि तुमच्या बंदरातल्या बोटींची नावं घे, एकेक करून." तिने डोळे मिटले. "हिंगळादेवी... सागरकन्या... जय एकवीरा..." आणि तिसऱ्या-चौथ्या नावाला एकदम उठून बसली.

"बोटी लागाच्या हायत, बाय. मासळी उन्हात पडंल. परत येते."

मी हात धरला, समजावलं, चांगलं ओरडले. "अगं, अंगात रक्त नाही तुझ्या! निदान आजच्या आज पालघरला जाऊन रक्त तपासून घे." चिठ्ठी दिली. तिने हसून पदर डोक्यावर घेतला. "परत येते ना, खरंच येते." शेवंताबाईंना मागे पाठवलं, तर तोवर ती रस्त्यावर नव्हती. नाव तिने 'सुशीला' सांगितलं होतं आणि गाव विरार. दोन्ही खोटं असणार, हे मला कळत होतं. सुक्या बोंबलाच्या वासाची विरारची सुशीला! पण या दुखण्यात खरं नाव कोण सांगतं? 'परत येते' हे वाक्य मी आयुष्यभर ऐकलं. म्हणणारी बाई परत येत नाही. तिला शोधायला मला जागाच नव्हती. पुढे कितीतरी दिवस बदामाखाली हिरवं काही दिसलं की मी उठून बघायचे.

त्यानंतर दोन-तीन पावसाळे गेले असतील.

पुन्हा एक दुपार. शेवंताबाई खिडकीशी गेल्या आणि परत येऊन खाटेवरची चादर सारखी करायला लागल्या.

"कुणी आहे का?"

"हाय एक."

"पाय?"

"सरळ हायत," त्या म्हणाल्या, पण नेहमीसारखं हसल्या नाहीत. "सावली कशी पातळ पडलीय तिची."

म्हटलं, बाराला सावली पातळच पडणार, बोलवा आत. आत आली ती पोरगीच होती. नाव निर्मला, गाव दातिवरे. तिने दोन्ही खरी सांगितली. चेहरा मेणासारखा, ओठ आणि गाल एकाच रंगाचे. दारातून खाटेपर्यंत चालताना तिला धाप लागली. गळ्यात काळ्या मण्यांच्या खाली पैशाएवढा चांदीचा टाक होता आणि त्यावर बाईचा ओबडधोबड ठसा.

तुम्हाला हे माहीत असेल किंवा नसेल. पहिली बायको वारलेल्याशी लग्न झालं, की दुसरीच्या गळ्यात पहिलीच्या नावाचा टाक घालतात. सवतीला मान द्यायचा, म्हणजे ती त्रास देत नाही. दुसरी बायको जन्मभर पहिलीला उराशी घेऊन फिरते.

ती डाव्या कुशीवर झोपली. मी हातमोजे घातले, नळीला जेली लावली. तिला अजून एक शब्द सांगितला नव्हता. इतक्यात तिने आपणहून डोळे मिटले आणि पुटपुटायला लागली.

"हिंगळादेवी... सागरकन्या... जय एकवीरा..."

माझा हात होता तिथेच राहिला. शेवंताबाईंनी कोपऱ्यातला स्टँड घट्ट धरला होता. बोटींची नावं घ्यायला मी अख्ख्या आयुष्यात एकाच बाईला सांगितलं होतं. तोपर्यंत माझ्याकडे दुसरी कोळीण आलीच नव्हती. बाहेर पान हलत नव्हतं. ती पोर त्याच क्रमाने, त्याच लयीत नावं घेत होती, आणि तिसऱ्या-चौथ्या नावाला उठली नाही. पुढे घेत गेली.

"निर्मला," मी विचारलं, "हे तुला कुणी सांगितलं?"

ती उत्तर देणार तोच तिचे डोळे वर गेले. पाणी, सलाईन, रिक्षा, सगळी धावपळ झाली. रिक्षा येईपर्यंत नळीतून जेवढं दिसलं तेवढं पुरेसं होतं: मोठाले कोंब, आणि त्यातला एक अजून वाहत होता. मी तिला स्वतः पालघरच्या दवाखान्यात घेऊन गेले. तपासणीत रक्त इतकं कमी निघालं, की तिथल्या डॉक्टरने मला विचारलं, ही चालत आली?

पहिली बाटली चढायला लागली, तेव्हा तिची सासू आली. देवकाबाय. उंच, राठ आवाजाची, सगळा मासळीबाजार वचकून असेल अशी बाई. निर्मलाचा नवरा बोटीवर होता, समुद्रात. देवकाबायने बाटलीकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं आणि मला म्हणाली, "काढा ती. मी हिला घेऊन जाते."

"कुठे?"

"भगताकडे. डॉक्टरबाय, तुमी किती बाटल्या भरा, रगत टिकाचा नाय. हिची सवत पिते."

ती हे भांडायला सांगत नव्हती, हेच भयंकर होतं. हवामान सांगावं तसं सांगत होती. तिच्या मुलाची पहिली बायको कमळी अशीच पांढरी होत होत गेली. एके सकाळी मासळी वाळवायच्या अंगणात बसल्या जागी आडवी झाली. निर्मला आली ती गुलाबासारखी होती. वर्षभरात तीही पांढरी पडायला लागली. रोज सकाळी रक्त, रोज ठरल्या वेळी. गाव म्हणायला लागलं, त्या घरात सुना पांढऱ्या होतात. कमळीला एकटं करमत नाही, ती हिला न्यायला बसलीय.

"मग तुम्ही काय केलंत?"

"सगळा केला," देवकाबाय म्हणाली. भगताने सांगितलं होतं, पहिलीला काही कमी पडू देऊ नका. म्हणून रोज सकाळी सवतीचा घास. कमळीला आवडायची ती सुक्या बोंबलाची लालभडक चटणी आणि भाकरी टाकासमोर ठेवायची, मग तो घास निर्मलाने उपाशीपोटी खायचा. सूर्य डोक्यावर येईपर्यंत वर पाणी नाही, नाहीतर घास पोचत नाही. बसायचं कमळीच्या जागेवर, कमळीच्या दगडावर, दिवसभर मासळी निवडत. ती जागा रिकामी ठेवायची नाही.

"आणि संडासाला?"

"घरात हाय की, सरकारी. पन त्यात जाळी भरलीत. आमी बायका काळोखात जातो खाडीकाठच्या खाजणाकडं."

"दिवसा कळ आली तर?"

"दिवसा कशी येल?" तिने मलाच विचारलं.

डोळ्यांसमोर सगळं स्वच्छ दिसत होतं आणि दिसत होतं म्हणून जास्तच भीती वाटत होती. तिखटजाळ कोरडा घास, पाणी नाही, दगडावर बैठक, दिवसभर दाबलेली कळ. अहो, मूळव्याध करायचीच असं कुणी मनावर घेतलं असतं, तरी याहून चोख जमलं नसतं! कमळीला ज्याने मारलं तो सगळा दिनक्रम त्यांनी जसाच्या तसा उचलून या पोरीला नेसवला होता. प्रेमाने, भीतीने, रीत म्हणून. मेलेली बाई हिच्या अंगात आलीच नव्हती. हिलाच मेलेल्या बाईच्या जागी नेऊन बसवलं होतं.

मी हे देवकाबायला सांगितलं. कोंब म्हणजे काय, रक्त कुठून येतं, कागदावर चित्र काढून सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि पदर खोचला. "तुमचा खरा असंल. पन मी एक सून घालवलीय, दुसरीच्या बाबतीत खेळ नाय करणार. काढा सुई." तिने हातच घातला. ती बाटली निघाली असती, तर खाडीचा रस्ता निर्मला जिवंत पार करू शकली नसती. मी मध्ये उभी राहिले; पण सासूचा अधिकार आणि डॉक्टरचा अधिकार यात आपल्याकडे कोण जिंकतं, हे मला ठाऊक होतं.

तेवढ्यात खाटेवरून बारीक आवाज आला. "आई, मना तिनंच धाडली."

"कोणी?"

"नाव नाय सांगितला. मी दुपारची दगडावर बसली व्हती. बोंबलांच्या काठ्यांच्या पल्याड येऊन उभी ऱ्हायली. बोलली, उमरोळीला जा, बदामाखाली डॉक्टरबाय हाय. वरडते, पन वायट नाय. नळी बगून उठू नको. डोळे मीट नि बोटींची नावं घे. सगळी घे." निर्मला थांबली, दम घेतला. "मी उठली म्हणून माजा काम अर्धा ऱ्हायला, बोलली."

"कशी व्हती दिसायला?" देवकाबायचा राठ आवाज कुठल्या कुठे गेला होता.

"हिरवा लुगडा. हाताला इथं," पोरीने सुई नसलेला हात उचलून मनगट दाखवलं, "पाकटाचा काटा लागलेला."

देवकाबाय मटकन खाली बसली. निर्मलाने कमळीला पाहिलेलं नव्हतं. घरातला फोटो निर्मलाच्या लग्नाआधीच उतरवून खाडीत सोडला होता आणि ती दिसायला कशी होती हे बोलायलाही बंदी होती. मी स्वतःशी म्हणत होते, दातिवऱ्यात पाकटाचा काटा लागलेली बाई काय एकच असेल? कमळीने मैत्रिणीला सांगितलं असेल, मैत्रिणीने हिला. असं असू शकतं. आजही म्हणते, असू शकतं. पण त्या वेळी माझ्या मानेवरचे केस उभे होते आणि मी त्या सासूच्या डोळ्यांत बघत होते. आम्ही दोघींनीही तो व्रण पाहिला होता.

"माज्याकडं आली व्हती," देवकाबाय जमिनीकडे बघत बोलायला लागली. "कमळी. बोलली, आई, रगत पडते. मी बोलली, बायकांना पडतेच. मना वाटला, महिन्याचा. तिनं सांगितला नाय खुलून, मी विचारला नाय." मग ती उठली, सुनेच्या गळ्यातला टाक दोन बोटांत धरला आणि कपाळाला लावला. "पिणारी असती, तर धाडली कशाला असती गं?"

बाटलीला तिने पुन्हा हात लावला नाही. रात्री नवऱ्याला बोटीवर निरोप गेला आणि दुसऱ्या बाटलीसाठी रक्त द्यायला गावातलीच माणसं आली.

पुढची गोष्ट माझ्या धंद्याची आहे आणि ती सांगताना मला जरा बरं वाटतं. रक्त भरल्यावर आतून दुर्बिणीने नीट तपासून घेतलं, दुसरं काही नव्हतं. मग माझ्याकडे, त्याच खाटेवर, कोंबांना एकेक करून कडी बसवली. निर्मला बोटींची नावं घेत होती, एकदोनदा मलाही म्हणायला लावली. लोहाच्या गोळ्या दिल्या. त्याने शौच घट्ट होते म्हणून सोबत इसबगोल. जाळी संडासातून बाहेर आली. देवकाबायने ती स्वतः ओढून काढली म्हणे, आणि मुलाने तोंड उघडलं तर त्याच जाळ्यात त्याला गुंडाळीन म्हणाली.

राहिला सवतीचा घास. मी रीत मोडा म्हटलं नाही. रीत मोडायला सांगणाऱ्या डॉक्टरला परत दारात उभं करत नाहीत. मी म्हटलं, "देवकाबाय, घास ठेवा, जरूर ठेवा. पण मऊ भात, पालेभाजी, वाटीभर ताक आणि आधी तांब्याभर पाणी."

"तिला चटणी आवडाची."

"आवडायची म्हणूनच तर हे झालं. तीही पेशंटच आहे माझी. अर्धवट राहिलेली. तिचं पथ्य मी सांगणार."

हे बोलणं तिला पटलं. दुसरं कुठलंच पटलं नसतं. त्या दिवसापासून दातिवऱ्याच्या एका घरात, जिच्यामागे आता कसलंही दुखणं उरलेलं नाही अशा बाईला रोज सकाळी मूळव्याधीचं पथ्य वाढलं जातं आणि तो घास खाऊन निर्मला चांगली लालबुंद झालीय. एका दुपारी देवकाबायही आली होती, एकटीच, तोंडावर पदर घेऊन. म्हणाली, शेजारणीसाठी विचारते. मी म्हटलं, "शेजारणीला डाव्या कुशीवर झोपायला सांगा."

इथे ही गोष्ट संपली असती तर मी ती लिहिलीही नसती.

त्यानंतर किनाऱ्यावरच्या बाया यायला लागल्या. कुणी धाडलं विचारलं, की म्हणायच्या, एका बाईने सांगितलं. मी समजायचे, निर्मला सांगत असेल. ती सांगायचीही. पण काही जणी तिला ओळखत नसत. मी 'कुणी धाडलं' हे विचारणंच सोडून दिलं. शेवंताबाईंनी पाय बघणं सोडलं नाही.

गुडघे बोलायला लागले, तेव्हा मी दवाखाना बंद केला. मोठ्या अक्षरांत पाटी लावली, बोईसरच्या एका चांगल्या डॉक्टरीणबाईंचं नाव लिहिलं, ओळखीच्यांना फोन केले. मागच्याच खोल्यांत मी राहते. शेवंताबाई सवयीने रोज येतात. चहा पितात, शेंगा सोलतात आणि माझ्या टीव्हीवर भुताखेतांच्या मालिका बघतात.

पाटी लावल्याला फार दिवस झाले नसतील. एका दुपारी त्या खिडकीशी गेल्या आणि तिथूनच म्हणाल्या, "बाय, उभी हाय."

बदामाखाली एक बाई होती. उमरोळीपलीकडच्या एका वाडीतली, आयुष्यात समुद्रावर न गेलेली. मी बाहेर गेले. "अगं, पाटी वाचली नाहीस का? दवाखाना बंद झालाय."

"मना वाचता नाय येत. त्या बायनं तर सांगितला, उघडा हाय, जा."

"कुठल्या बाईने?"

"आता हितंच व्हती," ती मागे वळून बघत म्हणाली. रस्त्यावर ऊन होतं, दुसरं काही नव्हतं.

त्या दिवशी मी निर्मलाला फोन केला. सरळच म्हटलं, "तुझ्या सवतीला सांग बाई, मी दवाखाना बंद केलाय."

ती हसली नाही. "सांगितला, डॉक्टरबाय. पाटी लागली त्याच दिवशी, घास ठेवताना. रोज सांगते."

"मग?"

"आयकते कुठं? आई म्हणते, जिती व्हती तवा पन आयकाची नाय."

मी फोन ठेवला आणि तपासणीच्या बंद खोलीत जाऊन उभी राहिले. खाट तिथेच होती. विकायची म्हणत होते, ते राहून गेलं होतं. 'परत येते' म्हणून गेलेल्या बायांवर मी जन्मभर चिडत आले. यातली एक खरंच येत होती. प्रत्येक वेळी दारापर्यंत येत होती, दुसरीला पुढे करून. स्वतः मात्र आत येत नव्हती. अगं, ये की! किती घाबरशील?

आता मी रोज दुपारी तासभर दार उघडते. गुडघे दुखले तर दुखू देत. परवा एक आली, डहाणूकडची. शेवंताबाईंनी तिला आत घेतलं, पडदा ओढला आणि सवयीने दाराला हात घातला. "लावू ना?"

"थांबा जरा," मी म्हटलं. "मागची आत आली की लावा."

शेवंताबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग दार धरून त्या बाजूला सरकल्या, एक माणूस जाईल एवढी वाट सोडून.